कुर्ला स्टेशन ते आगरकर चौक : मधल्या माणसांचा बसमार्ग

इतिहास म्हटला की आपल्या समाजासमोर सहसा दोनच चित्रे उभी केली जातात. एक बादशहा-सुलतानांचे, दुसरे फाळणी आणि दंगलींचे. पहिल्या चित्रात आपल्याला आहोत त्याहून मोठे करून दाखवतात, दुसऱ्यात आहोत त्याहून लहान. या दोन चित्रांच्या मध्ये जे असंख्य साधे दिवस गेले, सकाळी डबा घेऊन कामाला जाण्याचे आणि रात्री थकून घरी परतण्याचे, त्यांची बखर कोणी लिहिली नाही. आम्हांला वाटते, मुंबईच्या उपनगरातील मराठी मुसलमानाचा खरा इतिहास शोधायचा तर किल्ल्याच्या बुरुजावर जाण्याची गरज नाही. बसच्या थांब्यावर उभे राहिले तरी पुरे.

असा एक थांबा कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला आहे. तिथून निघणाऱ्या बेस्टच्या बसचा क्रमांक ३३२. कुर्ला स्टेशन ते अंधेरी पूर्वेचा आगरकर चौक, असा हा मार्ग. एस. जी. बर्वे मार्गाने बाहेर पडून लाल बहादुर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर यायचे. मग कमानीपासून बैलबाजार, जरीमरी, सफेद पूल, साकीनाका, मरोळ नाका, चकाला असे करत अंधेरी स्टेशन गाठायचे. अंतर म्हणाल तर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. वेळ म्हणाल तर ते साकीनाक्याच्या कोंडीला विचारावे लागते. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री हा क्रमांक साऱ्या देशाच्या बातम्यांत आला. ते का आले, याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. पण अपघाताने एखाद्या मार्गाची ओळख व्हावी आणि तेवढीच उरावी, हे आम्हांला मान्य नाही. म्हणून आधी मागचे पाहू.

मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आगगाडीच्या सगळ्या मोठ्या वाटा उत्तर-दक्षिण धावतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती कुर्ल्यावरून. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पश्चिमेची गाडी सुरू झाली, तिला अंधेरीचे स्टेशन मिळाले. दोन्ही रुळ समांतर गेले आणि दोन्हींच्या मध्ये साष्टी बेटाची जमीन तशीच राहिली: खाजण, शेते, टेकड्या, गावठाणे आणि मधून वाहणारी मिठी नदी. ज्याला शहरात जायचे आहे त्याच्यासाठी रेल्वे झाली. ज्याला कुर्ल्याहून अंधेरीला जायचे आहे, त्याने दादरला उतरून गाडी बदलावी आणि उलटे यावे, अशी ही व्यवस्था. शहराच्या दृष्टीने मधला माणूस कुठेच जात नव्हता.

एकदा मात्र या मधल्या माणसाची आठवण झाली होती. ट्रॉम्बे-कुर्ला-अंधेरी असा एक आडवा लोहमार्ग १९२८ साली सुरू झाला. साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे किंवा सेंट्रल साल्सेट ट्रामवे, अशी त्याची नावे. सुमारे १३ किलोमीटरची ही लाइन अवघी सहा वर्षे चालली. १९३४ साली ती बंद पडली. कलिना-कुर्ला भागातल्या 'सीएसटी रोड'च्या नावात बोरीबंदरचे टर्मिनस नसून या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचीच आद्याक्षरे आहेत, असे जाणकार सांगतात. रुळ गेले, तीन अक्षरे उरली. लोकांना तिची गरज लागायच्या आतच ती गुंडाळली गेली, आणि गरज जेव्हा खरोखर निर्माण झाली तेव्हा रुळाची जागा दुसऱ्याच कामाला गेली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला लष्करी विमानांची धावपट्टी आली, स्वातंत्र्यानंतर ती नागरी विमानतळाची झाली आणि कुर्ला व अंधेरीच्या मधला मोठा तुकडा भिंतीच्या आत गेला. तेव्हापासून कुर्ला-अंधेरी रस्ता विमानतळाला वळसा घालून जातो. जरीमरीच्या लोकांच्या पत्र्यांवरून विमाने उतरतात आणि खालच्या रस्त्यावर बस उभी असते. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून निघालेला माणूस मुंबईत पोहोचतो, आणि जरीमरीचा माणूस अजून साकीनाक्यालाही पोहोचलेला नसतो!

शहरातली गोष्ट वेगळी होती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. योगायोग पाहा, त्याच १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. एकाने शहरातील माणसाच्या पायांना चाके दिली, दुसऱ्याने आपल्या मुलांच्या हाती पाटी दिली. १९०७ साली ट्राम विजेवर धावू लागली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस निघाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही सगळी कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली आणि 'बेस्ट' हा उपक्रम जनतेचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. या नव्वद वर्षांत ट्राम शहराच्या बेटावरच राहिली, खाडी ओलांडून साष्टीत ती कधी आली नाही. उपनगराच्या वाट्याला ट्रामच्या आठवणी नाहीत. जे आले ते बसच्या रूपाने आले, आणि तेही उशिरा.

उशिरा का, तर उपनगर तोवर मुंबईत नव्हतेच. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला होता. कुर्ल्याला स्वतःची नगरपालिका होती. १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली, १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडला पोहोचली. हद्द वाढली म्हणजे कर वाढले. पण त्याबरोबर एक हक्कही आला: शहरात बस जाते, तर आमच्याकडेही आली पाहिजे. पन्नास-साठच्या दशकांत बेस्टचे जाळे उपनगरांत पसरत गेले. ढोबळ मानाने दोनशेच्या घरातले क्रमांक पश्चिम उपनगरांचे आणि तीनशेच्या घरातले पूर्व उपनगरांचे, अशी ओळख लोकांच्या अंगवळणी पडली. ३३२ पूर्वेच्या खात्यातली. पण तिचे काम मात्र पूर्व आणि पश्चिम जोडण्याचे.

इथे एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यातून निघतात. बेस्टचे दोन हात आहेत. एका हाताने ती वीज पुरवते आणि दुसऱ्या हाताने बस चालवते. तिची वीज फक्त बेटावरच्या शहरात जाते, कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत. उपनगरांना वीज दुसऱ्या कंपन्या देतात. बस मात्र साऱ्या मुंबईभर. वर्षानुवर्षे विजेच्या खात्यातली शिल्लक बसच्या खात्यातला खड्डा भरत आली. म्हणजे मलबार हिलच्या बंगल्यात जळणाऱ्या दिव्याचा थोडासा पैसा जरीमरीच्या शिवणकामगाराच्या तिकिटात जिरत होता. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून थोडे घेऊन ज्याच्याकडे नाही त्याच्या वाटेवर खर्च करायचे, ही कल्पना आपल्या लोकांना नवी वाटू नये. कोणाच्या फारसे लक्षात न येता ती या महानगरात अनेक दशके राबवली गेली.

आता रस्त्याकडे येऊ. कुर्ला हे गिरणीचे आणि कारखान्यांचे गाव. जमशेटजी टाटांनी १८८६ साली इथलीच एक बुडीत गिरणी घेऊन तिची 'स्वदेशी' मिल केली. पुढे आग्रा रोडच्या बाजूला प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली, मुकंद आली, कमानी आली. आज ज्या बसथांब्याला आपण 'कमानी' म्हणतो ते एका उद्योगाचे नाव आहे, हे नव्या मुलांना सांगावे लागते. दुसऱ्या टोकाला, अंधेरीच्या बाजूला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर मरोळची वसाहत उभी राहिली आणि १९७३ साली सीप्झचे निर्यात क्षेत्र आले. दोन्ही टोकांना भोंगे आणि मध्ये वस्ती. पहिल्या पाळीची माणसे पहाटेच्या बसने जायची, दुसऱ्या पाळीची रात्री उशिराच्या बसने यायची. या रस्त्याला बस किती हवी, हे कोणत्या पाहणीने ठरवायची गरज नव्हती. कारखान्याच्या गेटवरची हजेरी तेच सांगत होती.

आणि ही माणसे कोण होती? कोकणातून आलेली होती. मराठवाड्यातून, दुष्काळाने गाव सोडून आलेली होती. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारागीर होते. बुद्ध कॉलनीतले आंबेडकरी कुटुंब, मरोळ-चकाल्याच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, बैलबाजार आणि जरीमरीतले मुसलमान, सगळे एकाच दांड्याला धरून उभे राहिले. जरीमरी हे नाव तरी पाहा. साथीच्या रोगांपासून गावाला राखणाऱ्या देवीचे ते नाव. आज त्या वस्तीत मशिदीची अजान घुमते आणि तिथला मुसलमान कंडक्टरला रोज सांगतो, "एक जरीमरी द्या." त्यात ना त्याच्या ईमानाला बाधा येते, ना देवीच्या भक्ताला वावगे वाटते. सलोखा या शब्दावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ होतात. आम्हांला तो या एका वाक्यात जास्त दिसतो.

ऐंशीच्या दशकापासून चित्र बदलले. १९८२ च्या गिरणी संपानंतर मोठ्या कामगारांची मुंबई खचत गेली. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली तेव्हा तिथल्या कामगारांनी एक वेगळीच वाट धरली. त्यांनी सहकारी संस्था काढून कारखाना स्वतः चालवायला मागितला आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. देशात त्याची चर्चा झाली. पण बाकीचे भोंगे एकेक करून थांबले. प्रीमियरची पद्मिनी नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाली. कारखाना मोडला की काम नाहीसे होत नाही, त्याचे तुकडे होतात आणि ते गल्लीत येतात. साकीनाका, सफेद पूल, जरीमरी या पट्ट्यात पोटमाळ्यावरची वर्कशॉप, भंगाराची गोदामे, शिलाईची कारखानदारी वाढली. सुरभी शर्मा यांनी २००१ साली याच वस्तीवर 'जरी मरी : ऑफ क्लॉथ अँड अदर स्टोरीज' हा माहितीपट केला, त्यात शिवणकाम करणाऱ्या कामगार स्त्रिया आहेत. कारखान्याची बस कामगाराला न्यायला येत असे, गल्लीतल्या वर्कशॉपची बस कुठून येणार? तिथल्या कामगाराला पगारी रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. सरकारी म्हणावी अशी एकच गोष्ट त्याच्या दारावरून जात होती, ती म्हणजे ३३२.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या मुलीला कॉलेजात पाठवताना बापाचा पहिला प्रश्न असे, "जाणार कशी?" बस दारात थांबते, बायकांच्या जागा राखीव आहेत, कंडक्टर रोजचा ओळखीचा आहे, या तीन उत्तरांवर कितीतरी मुली पदवीधर झाल्या. मुस्लिम स्त्रीच्या शिक्षणावर बोलताना आपण फतवे आणि सुधारक यांची चर्चा करतो, ती करावीच. पण वेळेवर येणाऱ्या बसचेही त्यात काही देणे आहे, हे कोणी लिहीत नाही.

कंडक्टरचे नाव निघाले म्हणून सांगतो. ज्यांना साऱ्या देशाने जॉनी वॉकर म्हणून ओळखले ते बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे बेस्टचेच कंडक्टर. प्रवाशांना हसवता हसवता ते १९५१ च्या 'बाझी' चित्रपटापर्यंत पोहोचले. आपले शाहीर अमर शेख, मूळचे मेहबूब पटेल, तेही बार्शीकडे उमेदीच्या काळात मोटारीवर क्लीनर होते. मराठी मुसलमानाच्या कलेचा आणि चाकांचा हा संबंध केवळ योगायोगाचा नाही. बस ही अशी जागा आहे जिथे सर्व प्रकारची माणसे भेटतात आणि सर्वांशी बोलावेच लागते. बोलीचे शिक्षण तिथे फुकट मिळते.

भाषेचे शिक्षणही तिथलेच. बेस्टच्या बसच्या कपाळावर क्रमांक आणि ठिकाण मराठीत लिहिलेले असे. गोंडा-बस्तीहून आलेला तरुण, ज्याला शाळेत उर्दू शिकवले गेले, तो मुंबईत आल्यावर पहिले मराठी वाचतो ते बसवर. ३, ३, २. मग 'कुर्ला स्टेशन'. मग 'पुढे सरका'. आपल्या घरांत दख्खनी, कोकणी, उर्दू आणि मराठी यांची सरमिसळ आहे. मराठी ही आपली भाषा आहे की नाही, यावर व्यासपीठांवर वाद झाले. या रस्त्यावर तो वाद बसच्या पाटीने कधीच मिटवला होता. ज्या भाषेत घरी जायची वाट सापडते ती भाषा परकी कशी राहील?

हाच रस्ता विमानतळाचाही. सत्तरच्या दशकापासून रत्नागिरी-रायगडचे आपले तरुण आखाताकडे निघाले. एसटीने कुर्ल्याच्या नेहरूनगर आगारात उतरायचे, पूल ओलांडून पश्चिमेला यायचे, नातेवाइकाच्या खोलीत एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी विमान. १९९५ नंतर मुंबईहून हजची जहाजे बंद झाली आणि हाजीही विमानानेच जाऊ लागले. त्यांना निरोप देऊन परतणारी मंडळी मरोळ नाक्यावर लाल बसची वाट पाहत उभी राहत. रमजानच्या दिवसांत मगरिबची वेळ साकीनाक्याच्या कोंडीत गाठते. मग कोणी तरी पिशवीतून खजूर काढतो आणि तो शेजारच्यालाही देतो. शेजारी रोजेदार आहे की नाही, हे विचारण्याची तिथे पद्धत नाही.

सगळेच दिवस असे गोड नव्हते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये संचारबंदीने रस्ते ओस पडले, आणि नंतर कितीतरी महिने लोक आपापल्या थांब्यावर उतरेपर्यंत गप्प बसू लागले. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, त्यात दोन निरपराध माणसे गेली आणि कित्येक जखमी झाली. त्या खटल्यात पकडलेला परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. तो पळाला, असे सांगण्यात आले. सीआयडीच्या तपासात ती गोष्ट टिकली नाही, कोठडीतच त्याचा मृत्यू झाल्याचे पुढे आले आणि पोलिसांवर खटला भरला गेला. २००५ मध्ये त्या स्फोट खटल्यातले उरलेले आरोपी निर्दोष सुटले. ती बस ३३२ नव्हती. पण तिचे सावट या मार्गावरही पडले. दाढी ठेवलेला माणूस मोठी पिशवी घेऊन चढला की दोन-चार माना वळत. पिशवीत बहुधा शिवायला घेतलेले कापडच असे. ज्यांनी बॉम्ब ठेवला त्यांनी प्रवाशांचा घात केला, आणि ज्यांनी संशयाला पुरावा मानले त्यांनी विश्वासाचा. बससारख्या जागेला दोन्ही घातक.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी सफेद पुलाशी याच रस्त्याखालून जाते. तिने त्या दिवशी बैलबाजार आणि जरीमरीची घरे गिळली. साकीनाक्याच्या डोंगरावरची दरड झोपड्यांवर कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. त्या पुरात बेस्टच्या सुमारे ९०० बसगाड्यांचे नुकसान झाले. मशिदींचे, मंदिरांचे, शाळांचे दरवाजे त्या रात्री उघडे राहिले. कोणाला आत घ्यायचे, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

मग मेट्रो आली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. चकाला, मरोळ नाका, साकीनाका अशी ती याच रस्त्याच्या डोक्यावरून जाते. ज्यांना परवडते त्यांची सोय झाली, यात शंका नाही. पण साकीनाक्याला आल्यावर ही मेट्रो असल्फाकडे वळते आणि घाटकोपरला निघून जाते. सफेद पूल, जरीमरी, बैलबाजार, कमानी यांच्या वाट्याला तिची सावलीही येत नाही. २०२४ साली भुयारी मेट्रो सुरू झाली. तीही मरोळ नाक्यावरून विमानतळाखालून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाते. 'कुर्ला' हा शब्द संकुलाच्या नावात आहे, कुर्ल्याचे स्टेशन त्या वाटेवर नाही. १८५३ मध्ये जे घडले, १९३४ मध्ये जे घडले, तेच पुन्हा घडले. मोठी व्यवस्था मधल्या माणसाला चुकवून गेली. आणि मधल्या माणसासाठी उरली ती बस.

उरली खरी, पण कशी उरली ते पाहा. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचा आणि बसचा हिशेब वेगळा करण्याचा दबाव वाढला आणि वर सांगितलेला तो आधार हळूहळू सुटला. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांवर बसगाड्या होत्या आणि रोज चाळीस लाखांहून अधिक प्रवासी त्यांतून जात. पुढे गाड्या घटल्या, थांब्यावरची वाट पाहणे लांबले, शेअर रिक्षांनी माणसे उचलली आणि तोटा आणखी वाढला. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. त्याच वर्षी जुलैमध्ये किमान भाडे ५ रुपये झाले, लोक आनंदले. पण त्याबरोबर भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे धोरणही आले: गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, रंग आणि नाव बेस्टचे. स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखू, असे तेव्हा कामगार संघटनेशी झालेल्या करारात ठरले होते. २०२५ पर्यंत स्वमालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईची शेवटची जुनी डबलडेकर निघाली तीदेखील आमच्याच आगरकर चौकातून, सीप्झकडे जाणाऱ्या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. लोकांनी हार घातले, छायाचित्रे काढली. ज्या दिवशी स्वतःचा चालक नेमणे थांबले, त्या दिवशी कोणी छायाचित्र काढले नाही.

कोविडच्या काळात, मार्च २०२० नंतर लोकल सामान्य माणसासाठी बंद होती तेव्हा रुग्णालयाच्या आया, सफाई कामगार, परिचारिका यांना घेऊन बसच धावत होती. बेस्टचे अनेक कामगार त्या साथीत दगावले. नोकरीची हमी असलेला कामगार असे करतो, कारण ती संस्था त्याची असते. रोजंदारीवरच्या चालकाकडून तीच निष्ठा मागायची तर त्याला तेच शिक्षण, तीच विश्रांती, तीच सुरक्षितता द्यावी लागते.

९ डिसेंबर २०२४, सोमवार. रात्री साडेनऊच्या पुढे कुर्ला स्टेशनहून आगरकर चौकाकडे निघालेली ३३२ क्रमांकाची विजेवर चालणारी बस एस. जी. बर्वे मार्गावर बेफाम सुटली. वीसहून अधिक वाहनांना आणि बाजारातल्या माणसांना तिने चिरडले. ९ जणांचे प्राण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. भाभा रुग्णालयाच्या दारात रात्रभर गर्दी होती. मृतांच्या यादीत हिंदू नावे होती, मुस्लिम नावे होती. गाडी भाडेतत्त्वावरची होती, चालक कंत्राटावरचा. तो आधी लहान गाड्या चालवत असे, आणि क्लच नसलेली ही मोठी विजेची गाडी त्याच्या हाती देण्यापूर्वी पुरेसे शिक्षण दिले गेले होते का, हा प्रश्न चौकशीत पुढे आला. त्याचा दोष किती, हे न्यायालय ठरवील.

पण नंतर जी चर्चा झाली ती आम्हांला अपुरी वाटते. काहींनी सगळे चालकावर ढकलले. काहींनी फेरीवाल्यांवर. स्टेशनबाहेरच्या हातगाड्या काही दिवस हटवल्या गेल्या. काहींनी 'कुर्ल्याची गर्दीच तशी' म्हणून विषय संपवला, जणू गर्दीत राहणे हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा मिळाली. ज्या रस्त्याला गेल्या पाऊणशे वर्षांत रेल्वे मिळाली नाही, मेट्रो मिळाली नाही, तिथे गर्दी रस्त्यावरच असणार. खरा प्रश्न असा आहे: बसवर नाव महापालिकेच्या उपक्रमाचे असेल, तर जबाबदारी कोणाची? नाव एकाचे, गाडी दुसऱ्याची, चालक तिसऱ्याने पाठवलेला, आणि मेलेली माणसे मात्र आपली. १९४७ साली ही सेवा जनतेच्या मालकीची झाली याचा अर्थच असा होता की जाब विचारायला एक दार असेल. आज त्या दारावर तीन कुलपे आहेत.

मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित गाडीचे १२. ज्याचा मेट्रोशी संबंध नाही अशा जरीमरीच्या कुटुंबात चार माणसे रोज जाऊन येत असतील, तर महिन्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मग आपण काय करायचे? शोक करून झाला. आता दोन कामे आहेत आणि दोन्ही आपल्या हातातली आहेत. पहिले काम लिहिण्याचे. आपल्या वस्त्यांत बेस्टमधून निवृत्त झालेले चालक, कंडक्टर, आगारातले फिटर अजून आहेत. त्यांच्याकडे जुनी तिकिटे आहेत, बिल्ले आहेत आणि त्याहून मोलाच्या आठवणी आहेत. आपल्या तरुण लेखकांनी त्यांच्याशेजारी बसून त्या उतरवून घ्याव्यात. आपल्या साहित्यात मोहल्ला आला, मदरसा आला, तलाकची वेदना आली. आगार आणि पहाटेची पाळी मात्र फारशी आली नाही. दुसरे काम विचारण्याचे. मशिदीच्या कमिटीने, बुद्धविहाराच्या मंडळाने, गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांनी एकत्र अर्ज करावा: या मार्गावर चालकाला किती दिवसांचे शिक्षण मिळते, तो सलग किती तास गाडी चालवतो, अपघाताला शेवटी उत्तर कोण देणार, हे थांब्यावर पाटी लावून सांगा. ही मागणी कोणत्याही धर्माची नाही. म्हणूनच ती टाळायला अवघड आहे.

ज्यांच्या नावाने अंधेरीचा तो चौक आहे, त्या गोपाळ गणेश आगरकरांनी आयुष्यभर आपल्याच समाजाला अप्रिय प्रश्न विचारले. कुर्ल्याहून निघणारा प्रत्येक प्रवासी रोज त्यांच्या नावाचे तिकीट काढतो. तिथवर सुखरूप पोहोचण्याचा हक्क त्या तिकिटातच आहे. तो वेगळा मागावा लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.